परका, पाहुणा आणि पाटी

पुण्यातील पाटी ही अनोळखी माणसाशी त्याच्या गैरहजेरीत बोलण्याची रीत आहे. जुन्या पेठांत वाड्याचा दिंडीदरवाजा थेट रस्त्यावर उघडत असे. आत दहा-बारा बिऱ्हाडे, एक चौक, एक नळकोंडाळे; बाहेर पत्ता विचारणारे, वर्गणी मागणारे, दाराशी सायकल टेकवून निघून जाणारे. प्रत्येकाशी रोज नव्याने भांडण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवणे घरमालकाला परवडे. त्यातून 'येथे वाहन लावू नये', 'पत्ता विचारू नये', 'दुपारी १ ते ४ बंद' असा मजकूर रूढ झाला. त्याचे व्याकरण लक्ष देण्याजोगे आहे. पाटी सहसा 'लावू नका' म्हणत नाही, 'लावू नये' म्हणते. 'नका' म्हणायला समोर कोणीतरी उभे असावे लागते. 'नये'ला समोर कोणी लागत नाही, आणि म्हणून डोळ्यांत बघावे लागत नाही.

पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांना शेजारी शेजारी उभे केले, तेव्हापासून पुणेकराचा तुटकपणा हा महाराष्ट्राच्या कौतुकाचा विषय झाला. हसण्याच्या ओघात मूळ प्रश्न मागे राहिला. अनोळखी माणसाशी तुटक बोलणे म्हणजे त्याच्याशी निर्दय वागणे का? आणि गोड बोलणे म्हणजे दया का?

या प्रश्नावर दोन बाजू ठामपणे घेता येतात. एक बाजू सदाशिव पेठेत वाढलेल्या, आता कोथरूडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची. दुसरी, लातूर जिल्ह्यातून नर्सिंग शिकायला आलेल्या आणि वीस वर्षे अपघात विभागात काम केलेल्या परिचारिकेची. दोघांची घरे एकाच इमारतीत आहेत. त्या त्यांना 'सर' म्हणतात, ते त्यांना 'सिस्टर'.

"पाटी कठोर असते, पण दुष्ट नसते," हे शिक्षकांचे पहिले म्हणणे. "तुमच्या गाडीचं स्टँड खाली राहिलं, तर मागून येणारा ओरडतो की नाही? 'ओ ताई, स्टँड!' ओढणी चाकाकडे लोंबायला लागली, तर अख्खा सिग्नल ओरडतो. ओरडणारा थांबत नाही, आभाराची वाट बघत नाही. तुम्ही कोण हे त्याला ठाऊकही नसतं. निम्म्या मुलींनी तर तोंडाला स्कार्फ बांधलेला असतो. याला काय म्हणाल?"

ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसलेल्या मुली अपघात विभागात येतात. त्या एका हाकेची किंमत परिचारिकेला कोणी सांगायला नको होती.

"ते खरंच आहे, सर. पण तोच माणूस पुढच्या सिग्नलला गजरे विकणाऱ्या पोरीला 'ए, हो बाजूला' म्हणतो. मला 'ओ ताई' आणि तिला 'ए'. आम्ही दोघीही त्याला अनोळखीच ना?"

इथे वाद भाषेच्या घरात शिरतो, आणि ते घर नीट पाहण्याजोगे आहे. मराठीत इंग्रजी 'प्लीज'च्या तोडीचा रोजच्या वापरातला शब्द नाही. 'कृपया' आहे, पण तो पाटीवर आणि रेल्वेच्या घोषणेत. 'धन्यवाद' भाषणाच्या शेवटी येतो. म्हणून मराठी माणूस उद्धट, असा निष्कर्ष बाहेरचे काढतात, आणि तो चुकीचा आहे. मराठीतील विनंती क्रियापदात आणि छोट्या अव्ययांत असते: 'जरा सरकता का', 'एवढं बघा हं', 'द्या की'. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे हाही शिष्टाचारच. सर्वांत मोठी सोय नात्यांच्या शब्दांची आहे. दादा, ताई, काका, मावशी, आजी: रस्त्यावरच्या कोणालाही क्षणभर घरात घेता येते. ज्या भाषेत परक्याला हाक मारायलाही नातेच लागते, तिला रूक्ष म्हणता येणार नाही.

मात्र याच भाषेत 'अहो' आणि 'अरे' यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि तो कोणी ओलांडायचा हे दीर्घकाळ जातीने आणि पैशाने ठरवले. १७७९ साली पेशव्यांच्या दरबाराच्या आग्रहावरून मुंबईतल्या कंपनी सरकारने तिथल्या सोनारांना अभिवादनात 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची मनाई केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे प्रकरण नोंदवले आहे. भेटल्यावर हात जोडून एक शब्द उच्चारणे यासाठी राज्यसत्तेचा हुकूम निघावा, यावरून शिष्टाचार ही किती गंभीर गोष्ट होती ते कळते. महारांनी 'जोहार' म्हणायचे, तेही लांबून. पुढे 'जय भीम' आले ते नुसते नवे अभिवादन म्हणून आले नाही. कोणी कोणाला कसे भेटायचे, हे ठरवण्याचा हक्क त्यातून परत घेतला गेला. मागच्या पिढीपर्यंत घरकामाला येणाऱ्या साठीच्या बाईला घरातले दहा वर्षांचे मूल 'अगं' म्हणत असे आणि कोणी त्याला टोकत नसे. काही घरांत ते अजून चालते.

"हे मी नाकारत नाही," शिक्षक म्हणतात. "पण शब्दांवरून माणूस मोजू नका. वेळ आली की हे शहर कसं धावतं, ते मी लहानपणी पाहिलंय."

ती वेळ १२ जुलै १९६१ची. बांधकाम पूर्ण होण्याआधीच पानशेत धरणात पाणी साठले होते. जवानांनी आदल्या रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला. सकाळी तो फुटला. त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि मुठेचे पाणी डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसब्यात शिरले. पोती रचण्यात गेलेल्या त्या तासांमुळे पूर रात्री झोपेत न येता दिवसाउजेडी आला. पोती रचणारे बहुतेक जवान पुण्याचे नव्हते. ज्यांचे प्राण वाचले त्यांची नावे त्यांना कधीच कळली नाहीत. पुढे कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते, तेव्हा वाड्यांतले बुजत चाललेले आड पुन्हा उपसले गेले. शाळांच्या वर्गांत बिऱ्हाडे राहिली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती त्यानंतर उभ्या राहिल्या.

"आमच्या वाड्याच्या दारावर 'परक्यांनी आत येऊ नये' असं लिहिलेलं होतं," शिक्षक सांगतात. "त्या दुपारी आमच्या माजघरात चौदा माणसं होती. आईनं कोणाला काही विचारलं नाही."

परिचारिका यावर लगेच बोलत नाहीत. मग म्हणतात, "तुमच्या आईंना नमस्कार, सर. पण पूर असला की काय करायचं ते सगळ्यांनाच दिसतं. घर पडलंय, माणूस भिजलाय, त्याला आत घ्यायचं. माझ्यासारखी मुलगी एका साध्या मंगळवारी बॅग घेऊन स्वारगेटला उतरते, तेव्हा कसलाच पूर आलेला नसतो."

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि सामाजिक मानसशास्त्राच्या प्रयोगांनी त्याला आधार दिला आहे. अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी त्याच्या मदतीसाठी हालचाल केली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी. माणसे तीच, मनेही तशीच. फरक एवढाच, की दुसरा कोणी करील असे वाटायला जागा मिळाली. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० साली शहरवासीयांच्या अलिप्तपणाचे कारण वेगळ्या जागी शोधले. शहरात रोज इतके चेहरे आणि इतक्या मागण्या अंगावर येतात की प्रत्येकीला उत्तर देणे अशक्य होते. माणूस स्वतःला राखण्यासाठी दार लोटून घेतो. पुणेरी पाटी हे असे लोटलेले दार आहे.

दार लोटलेले असूनही मदत होते, याचा एक ठळक दाखला रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. त्यांनी अमेरिकेतल्या शहरांत तिकीट लावलेली, पत्ता लिहिलेली पाकिटे रस्त्यावर टाकून ती कोणी पोस्टात टाकते का हे पाहिले. न्यूयॉर्कहून परत आलेल्या एका पाकिटावर उचलणाऱ्याने हरवणाऱ्याला सणसणीत शिवी लिहिली होती, आणि पाकीट मात्र पोचते केले होते. शिक्षकांचा पुणेकर हाच. पुढे लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत तीन कसोट्या घेतल्या: खाली पडलेले पेन, पाय दुखावलेल्या माणसाच्या हातून सांडलेली मासिके, रस्ता ओलांडू पाहणारा अंध माणूस. रिओ दि जानेरोत ९३ टक्के वेळा मदत मिळाली, कोलकात्यात ८३, न्यूयॉर्कमध्ये ४५, क्वालालंपूरमध्ये ४०. कोलकाता चौथे आले, तेही व्हिएन्ना आणि माद्रिदच्या वर. एकूण कल असा दिसला की जिथे लोकांची क्रयशक्ती कमी, तिथे हात लवकर पुढे येतो. गर्दीने आणि गरिबीने माणसे कोरडी होतात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

"मग खेडं शहरापेक्षा बरंच म्हणायचं," परिचारिका म्हणतात. "आमच्याकडे वाटेवर अनोळखी माणूस दिसला तर त्याला 'पाव्हणं' म्हणतात. 'पाव्हणं, कोणतं गाव?' पाणी पुढं करतात. इथं दार किलकिलं करून 'काय पाहिजे?' विचारतात."

'पाहुणा' आणि 'परका' या दोन शब्दांत हा सारा विषय सामावलेला आहे. ग्रीक भाषेतल्या 'झेनोस' या शब्दाचे दोन्ही अर्थ होते: अनोळखी आणि पाहुणा. मराठी ग्रामीण बोलीने अनोळखी माणसाला सरळ पाहुणाच ठरवले. यात खरे औदार्य आहे. पण शिक्षकांचा इथला प्रश्न त्यांच्या साऱ्या युक्तिवादातला सर्वांत धारदार आहे.

"'कोणतं गाव'नंतर पुढचा प्रश्न काय असतो, सिस्टर? 'कुणापैकी?' आणि त्या उत्तरावर पाणी कशातून द्यायचं ते ठरतं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत खेड्यांवर जी टीका केली, ती उगाच नव्हती. शहरात मला कोणी 'पाव्हणं' म्हणत नाही, हे खरं. पण बसमध्ये शेजारी कोण बसलाय हे कोणी विचारत नाही. हॉटेलातला कप कोणाच्या तोंडाचा होता, हे कोणी विचारत नाही. तुमच्या लेखी तो कोरडेपणा असेल. कित्येकांना याच कोरडेपणानं माणूस म्हणून जगता आलं."

या युक्तिवादाला परिचारिकेचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून येते, आणि ते थोडक्यात आहे.

"बसमध्ये विचारत नाहीत, सर. घर भाड्यानं देताना विचारतात. 'आडनाव काय म्हणालात?' मी तीन घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी बोलणं फार गोड होतं. एका ठिकाणी चहासुद्धा दिला. आडनाव सांगितल्यावर, 'आम्ही कळवतो.'"

शिक्षकांचा तुटक पण मदतीला धावणारा पुणेकर आणि परिचारिकेचा गोड पण दार बंद करणारा घरमालक हे दोघे एकाच शहरात राहतात, बहुधा एकाच माणसात. शिष्टाचार आणि दया यांची सांगड आपोआप बसत नाही, हे पुण्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित कुठे दिसत असेल. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई. शाळेत बदलण्यासाठी त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. शेण टाकणारे लुटारू किंवा गुंड नव्हते. संध्यावंदन करणारी, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणारी, घरी पाहुणा आला तर पाट मांडणारी ती माणसे होती. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्याबरोबर एस. एम. जोशी वगैरे तरुण गेले, तेव्हा दगड मारणारेही असेच सुसंस्कृत होते. रिवाज त्यांना तोंडपाठ होते, पण ते ज्यांना माणसांत धरत त्यांच्यापुरतेच.

याच सावित्रीबाई १८९७च्या प्लेगात अनोळखी रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला. त्याच साथीत शहरात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरांत घुसून झडत्या घेत होते. रोग हुडकणे हा त्यांचा हेतू म्हणून सांगितला जाई. माजघरात बूट घालून शिरणे, देवघर विस्कटणे, बायकांना परपुरुषांसमोर तपासणे यांनी लोक इतके दुखावले की २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. उपाय जीव वाचवण्यासाठी असला तरी तो अपमान करून लादला तर लोक त्याला क्रौर्यच समजतात. प्लेगच्या पुण्याने हे फार मोठी किंमत देऊन दाखवले.

शिक्षकांना आपल्या शहराच्या दुसऱ्या एका परंपरेचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. गरीब मुलांना वार लावून जेवू घालणे, माधुकरी वाढणे, यांवर पुण्यात विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. मुलगा ना नात्याचा ना गावचा. मात्र ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती राहिली. बाकीच्यांसाठी दार उघडायला संस्था निघाव्या लागल्या. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था केली. घरातल्या पंगतीत जे जमले नाही ते वसतिगृहाच्या पंगतीत जमले, कारण तिथे कोणाशेजारी कोण बसणार हे यजमान ठरवत नव्हता.

विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराची परीक्षा अशा मुलांच्या बाबतीतच होते. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांवर पुण्यात हल्ले झाले, अफवा पसरल्या, आणि हजारो मुले रेल्वेने गावाकडे निघाली. चेहऱ्यावरून परके ठरवलेल्या या मुलांना शहरात राहून वर्षे झाली होती.

"आणि तरी," शिक्षक म्हणतात, "आषाढीची वारी आली की हेच शहर दोन दिवसांसाठी बदलतं. हे तरी मान्य करा."

ते परिचारिकेला मान्य आहे. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत आणि तुकारामांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. लाखो वारकरी शहरात मुक्काम करतात. चर्मकार फुकट चपला शिवून देतात, नाभिक दाढी करतात, कोणी पाय चेपतात, कोणी पिठलं-भाकरी वाढतात. परिचारिका दरवर्षी एका शिबिरात पायांचे फोड बांधतात. तिथे हाक एकच असते: 'माउली'. पुरुषाला माउली, बाईला माउली, पोलिसाला माउली. आडनावाची जागाच त्या हाकेत नाही. वारीलाही तिचा इतिहास चुकलेला नाही. ज्या विठ्ठलाकडे सगळे निघतात त्याचे देऊळ अस्पृश्य ठरवलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसावे लागले. तरीही परक्याला काय म्हणावे या प्रश्नाचे मराठीने दिलेले सर्वांत मोठे उत्तर 'माउली' हेच आहे.

"दोन दिवस, सर," परिचारिका म्हणतात. "उरलेल्या दिवसांचं काय?"

उरलेल्या दिवसांत अनोळखी माणसाची सर्वांत मोठी कसोटी लागते ती रस्त्यावर. अपघात झाला की घोळका जमतो, पण जखमीला उचलायला पुढे येणारा कचरतो. त्याचे कारण निव्वळ निष्ठुरता नाही. पोलीस चौकशी, साक्षीच्या तारखा, रुग्णालयात 'पैसे कोण भरणार' हा प्रश्न: मदत करणाऱ्यालाच आरोपीसारखे वागवले जाण्याची भीती अनुभवातून आलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २०२०मध्ये त्याखालचे नियम निघाले. मदत करणाऱ्याला धर्म, राष्ट्रीयत्व, जात, लिंग असा भेद न करता आदराने वागवावे, असे नियमात लिहिले आहे. त्याला नाव, पत्ता सांगायला भाग पाडता येत नाही. प्रत्येक रुग्णालयाने हे हक्क हिंदीत, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत दर्शनी भागात लावायचे आहेत.

"म्हणजे पाटीच," शिक्षक म्हणतात.

"पाटीच. रिक्षावाला रक्तानं माखलेल्या हातांनी पेशंट आणतो आणि पहिल्यांदा विचारतो, 'माझं नाव लिहिणार का?' मी त्याला पाटी दाखवते."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

"नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू नये," परिचारिका म्हणतात. "ते 'नये' त्याच्यासाठी नाही, सर. आमच्यासाठी आहे."